आठ, तीन, वजा: पोस्टफिक्स पदावली स्टॅकने कशी सोडवायची

प्राथमिक शाळेतलं तोंडी गणित आठवा. बाई म्हणायच्या, "आठातून तीन वजा करा. चारात दोन मिळवा. आता दोन्ही उत्तरांचा गुणाकार करा." आपण मनात पाच धरून ठेवायचो, मग सहा धरायचो आणि हात वर करून सांगायचो, "तीस!" बाईंच्या त्या बोलण्यातले फक्त आकडे आणि क्रिया, ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने लिहा:

८ ३ − ४ २ + ×

ही पोस्टफिक्स पदावली. ज्यांच्यावर क्रिया करायची ते आकडे आधी, क्रियेचं चिन्ह त्यांच्या मागून. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, तसंच. डेटा स्ट्रक्चरच्या पहिल्या महिन्यात हा विषय आला की बरीच मुलं बिचकतात, "हे उलटं का लिहिलंय?" असं विचारतात. माझं ठाम मत आहे की मराठीत विचार करणाऱ्याला ते उलटं नाहीच. पदावली मराठीत मोठ्याने वाचा, ती आपोआप सुटायला लागते. हा लेख त्याच वाटेने जाणार आहे.

आपण वहीत लिहितो ती पद्धत इन्फिक्स, म्हणजे चिन्ह दोन आकड्यांच्या मधे. तिथे ८ − ३ × ४ + २ असं दिसलं की आधी काय करायचं, हा प्रश्न येतो. त्यासाठी शाळेत कंचेभागुबेव पाठ करून घेतलं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्या नियमाने याचं उत्तर −२ येतं. कंस घालून (८ − ३) × (४ + २) केलं की ३०. आकडे तेच, चिन्हं तीच, उत्तर मात्र कंसावर अवलंबून. पोस्टफिक्समध्ये पहिलं गणित ८ ३ ४ × − २ + असं लिहितात आणि दुसरं वर दिलंय तसं. दोन्हींत एकही कंस नाही आणि कंचेभागुबेवची आठवणही ठेवावी लागत नाही. डावीकडून उजवीकडे एकदा वाचत जायचं, संपलं.

कंसाशिवाय लिहायची ही कल्पना पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांची, १९२४ सालची. त्यांनी चिन्ह आकड्यांच्या आधी ठेवलं होतं, म्हणून त्या पद्धतीला पोलिश नोटेशन म्हणतात, आणि चिन्ह मागे ठेवणाऱ्या आपल्या पद्धतीला रिव्हर्स पोलिश किंवा आरपीएन. १९५० च्या दशकात संगणकाला गणित कसं समजावायचं हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ऑस्ट्रेलियात चार्ल्स हॅम्ब्लिन आणि जर्मनीत फ्रीडरिश बाउअर व क्लाउस सामेलझोन हे स्टॅकच्या, म्हणजे आकडे एकावर एक रचून ठेवायच्या कल्पनेपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले. जर्मन मंडळी स्टॅकला 'केलर' म्हणजे तळघर म्हणत.

आपण त्याला उतरंड किंवा चवड म्हणू. स्वयंपाकघरात मडकी एकावर एक रचलेली असायची, खालच्या मडक्यातलं हवं असेल तर वरचं आधी उतरवावं लागायचं. भाकऱ्यांची चवडही तशीच: शेवटी तव्यावरून उतरलेली भाकरी सगळ्यात वर, आणि वाढताना तीच आधी हातात येते. स्टॅकचा नियम एवढाच आहे. वर ठेवणं म्हणजे पुश, वरचं उचलणं म्हणजे पॉप, आणि सगळ्यात वरची जागा म्हणजे टॉप. मधल्या आकड्याला हात लावता येत नाही.

आता कात्री घ्या

संगणक थोडा वेळ बाजूला ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरचं ३१ दिवसांच्या महिन्याचं जुनं पान घ्या आणि तारखांचे चौकोन कापा. १ ते ३१ आकड्यांच्या छापील चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी नेहमी हेच करायला लावतो, कारण चिठ्ठी हातात असली की ती एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. वहीत स्टॅक काढताना मुलं पॉप केलेला आकडा खोडायला विसरतात. चिठ्ठीच्या बाबतीत ती चूक करताच येत नाही.

पदावली कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि डावीकडून एकेका घटकावर बोट ठेवत चला. बोटाखाली आकडा आला तर त्या आकड्याची चिठ्ठी चवडीवर ठेवा. चिन्ह आलं तर वरच्या दोन चिठ्ठ्या उचला, ती क्रिया करा आणि उत्तराची चिठ्ठी चवडीवर ठेवा. उचललेल्या दोन चिठ्ठ्या टेबलावर परत. सगळा अल्गोरिदम एवढाच आहे.

८ ३ − ४ २ + × घेऊन बघू. डावीकडे चवडीचा तळ, उजवीकडे टॉप:

८ वर बोट: चवड ८
३ वर बोट: चवड ८, ३
− वर बोट: ३ उचलला, ८ उचलला, आठातून तीन गेले, पाच ठेवला: चवड ५
४ वर बोट: चवड ५, ४
२ वर बोट: चवड ५, ४, २
+ वर बोट: २ आणि ४ उचलले, बेरीज सहा: चवड ५, ६
× वर बोट: ६ आणि ५ उचलले, गुणाकार तीस: चवड ३०

बोट शेवटाला पोहोचलं आणि चवडीत एकच चिठ्ठी उरली. तेच उत्तर.

पाचव्या ओळीशी जरा थांबा. ४ आणि २ यांचं काम चालू असताना तळाशी ५ गप्प बसून आहे. तोंडी गणितात आपण "पाच लक्षात ठेवला" म्हणायचो, ते काम इथे चवडीचा तळ करतो. बाकी राहिलेली उत्तरं खाली थांबतात, ताजं काम वर चालतं, आणि ताजं काम संपलं की त्याचं उत्तर थेट आधीच्या उत्तराच्या डोक्यावर येऊन बसतं. पुढचं चिन्ह त्या दोघांना उचलतं. इथे रांग का चालत नाही, स्टॅकच का लागतो, याचं उत्तर याच ओळीत आहे. रांगेत सगळ्यात जुना आकडा आधी बाहेर आला असता, म्हणजे चार-दोनच्या बेरजेच्या वेळी हातात पाच आला असता.

दुसरं गणित स्वतः करा: २४ २ ४ + ÷ ७ × ५ −. मधली सगळी उत्तरंही ३१ च्या आत राहतात, त्यामुळे त्याच चिठ्ठ्या पुरतात. चवड अशी बदलत जायला हवी: २४, मग २४, २, मग २४, २, ४, मग २४, ६, मग ४, मग ४, ७, मग २८, मग २८, ५, आणि शेवटी २३.

कोण कोणातून वजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

मराठीत "आठातून तीन वजा करा" म्हटलं काय आणि "तीन आठातून वजा करा" म्हटलं काय, अर्थ बदलत नाही. 'तून' हा प्रत्यय आठाला चिकटलेला आहे, तोच सांगतो की आठातून काढायचंय. "चोवीसला सहाने भागा" यात 'ला' आणि 'ने' तेच काम करतात. पोस्टफिक्समध्ये प्रत्यय नाहीत. तिथे फक्त जागा आहे. आधी लिहिलेला आकडा 'तून' किंवा 'ला' वाला, नंतर लिहिलेला वजा होणारा किंवा भागणारा.

आता स्टॅकचा स्वभाव आठवा. नंतर लिहिलेला आकडा वर बसतो, म्हणून आधी निघतो. म्हणजे पहिला पॉप केलेला आकडा हा वजा होणारा, उजव्या बाजूचा. दुसरा पॉप केलेला डाव्या बाजूचा. मी हे एका ओळीत शिकवतो: आधी निघाला तो उजवा.

बेरीज आणि गुणाकारात हा क्रम चुकला तरी उत्तर तेच येतं, त्यामुळे चूक दडून राहते. कॉलेजात माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं. घरी प्रोग्राम लिहिला, चार-पाच पदावल्या देऊन तपासला, सगळ्या बरोबर आल्या. प्रॅक्टिकलच्या दिवशी परीक्षकांनी वजाबाकीची साधी पदावली दिली आणि स्क्रीनवर उत्तर उणे आलं. मी घरी दिलेल्या सगळ्या पदावल्यांत फक्त + आणि × होतं. तेव्हापासून माझा नियम आहे: पोस्टफिक्सचा कुठलाही प्रोग्राम पहिल्यांदा ८ ३ − आणि २० ४ ÷ या दोनांवर चालवायचा. ५ आणि ५ आले तरच पुढे जायचं.

घाईत लिहिलेली एक ओळ इथे फार फसवते: उत्तर = पॉप() − पॉप(). पायथॉनमध्ये डावीकडचा पॉप आधी होतो, म्हणून ८ ३ − चं उत्तर −५ येतं. सी भाषेत तर दोन्हींपैकी कुठला पॉप आधी होईल हे भाषेने ठरवूनच दिलेलं नाही. एका कंपायलरवर (प्रोग्राम संगणकाच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर) उत्तर बरोबर, दुसऱ्यावर चूक, असं होऊ शकतं. म्हणून दोन पॉप नेहमी दोन वेगळ्या ओळींवर, नाव देऊन.

प्रोग्रामचा सांगाडा

भाषा कुठलीही असो, रचना हीच राहते:

स्टॅक रिकामा
पदावलीचे मोकळ्या जागेवर तुकडे करा
डावीकडून प्रत्येक तुकड्यासाठी:
तुकडा म्हणजे नेमकं एक चिन्ह असेल तर
– स्टॅकमध्ये दोनपेक्षा कमी आकडे असतील तर "आकडे कमी पडले" सांगून थांबा
– उजवा = पॉप
– डावा = पॉप
– डावा आणि उजवा यांवर ती क्रिया करून उत्तर पुश करा
नाहीतर तुकड्याचा आकडा करून पुश करा
तुकडे संपल्यावर स्टॅकमध्ये नेमका एक आकडा असेल तर तेच उत्तर, नाहीतर पदावली चुकलेली

पायथॉनमध्ये साधी लिस्टच स्टॅक म्हणून चालते. अपेंड म्हणजे पुश, पॉप म्हणजे पॉप, लिस्टचं शेवटचं टोक म्हणजे टॉप. सी मध्ये ॲरे घ्या आणि टॉप −१ पासून सुरू करा. पुश करताना टॉप एकाने वाढवून तिथे आकडा ठेवायचा, पॉप करताना तिथला आकडा घेऊन टॉप एकाने कमी करायचा.

तुकडे करण्याचा भाग लोक हलक्यात घेतात. किराण्याचं साधं बिल घ्या: साखर ४५ रुपयांनी २ किलो, तांदूळ ६० रुपयांनी ३ किलो, वर २० रुपये सूट.

४५ २ × ६० ३ × + २० −

उत्तर २५०. यात ४५ आणि २ यांच्यातली मोकळी जागा काढली तर तो चारशे बावन्न होतो. पोस्टफिक्सला कंस लागत नाहीत, पण आकडे वेगळे ठेवणारी जागा लागतेच. कॉलेजच्या जर्नलमधले बरेच प्रोग्राम एकेक अक्षर वाचतात, त्यामुळे त्यांना फक्त एकअंकी आकडे कळतात. शिकायला ठीक, पण बिलाची बेरीज त्यांना जमणार नाही.

अक्षर वाचणाऱ्या सी प्रोग्राममधली एक खूण सांगून ठेवतो. ३ २ + ला उत्तर १०१ आलं, तर डोकं खाजवत बसू नका. संगणकात प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक क्रमांक असतो, त्याला ॲस्की म्हणतात. इंग्रजी '3' चा ॲस्की क्रमांक ५१ आणि '2' चा ५०. प्रत्येकातून '0' चा क्रमांक, म्हणजे ४८, वजा करायचा राहिला आहे. तेवढं केलं की ५ येतात.

पायथॉनवाल्यांसाठी एक आनंदाची गोष्ट: तिथलं इंट हे फंक्शन देवनागरी अंकसुद्धा समजतं. "४५" असं देवनागरीत दिलं तरी त्याचा आकडा पंचेचाळीसच होतो. म्हणजे तुमच्या प्रोग्रामला मराठी आकड्यांत बिल देता येईल, वेगळं काही न करता. चिन्हं मात्र प्रोग्राममध्ये जी लिहिली असतील तीच द्यावी लागतात. नोट्सच्या पीडीएफमधून पदावली कॉपी केली की वजाचं लांब चिन्ह येतं, ते कीबोर्डवरच्या आडव्या रेषेशी जुळत नाही, आणि प्रोग्राम म्हणतो हा आकडाच नाही. दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून ही चूक शोधायला तास जातो.

ऋण आकड्यांचंही बघा. −५ हा एक तुकडा आहे आणि एकटं − हा दुसऱ्या जातीचा तुकडा. म्हणून सांगाड्यात "नेमकं एक चिन्ह असेल तर" असं म्हटलंय. तुकड्याचं पहिलं अक्षर बघून निर्णय घेतला तर −५ ला प्रोग्राम वजाबाकी समजेल.

पदावलीच चुकीची असेल तर

दोन खुणा आहेत. चिन्ह आलं आणि चवडीत दोन आकडे नाहीत, तर अंडरफ्लो. सगळं संपलं आणि एकापेक्षा जास्त आकडे उरले, तर चिन्हं कमी पडली. ५ + ३ असं इन्फिक्सच्या सवयीने कोणी दिलं, तर + आल्यावर चवडीत एकटा ५ सापडतो आणि तिथेच थांबावं लागतं. ५ ३ २ + दिलं तर शेवटी ५ आणि ५ असे दोन आकडे उरतात.

आकडे चिन्हांपेक्षा एकाने जास्त हवेत, हा नियम मुलं व्हायवात सांगतात. खरा आहे, पण पुरेसा नाही. ५ + ३ मध्येही दोन आकडे आणि एक चिन्ह आहे. पूर्ण नियम असा: डावीकडून वाचताना कुठेही थांबा, तोपर्यंत आलेले आकडे तोपर्यंत आलेल्या चिन्हांपेक्षा निदान एकाने जास्त हवेत, आणि शेवटी नेमके एकाने. तो फरक म्हणजेच त्या क्षणी चवडीत असलेल्या आकड्यांची संख्या. बोटांवर मोजूनही पदावली तपासता येते.

भागाकारापूर्वी उजवा आकडा शून्य आहे का ते बघा. आणि पूर्णांकांचा भागाकार असेल तर भाषा बदलली की उत्तर बदलू शकतं: −७ ला २ ने भागलं तर सी आणि जावा −३ देतात, पायथॉनचा दुहेरी तिरप्या रेघेचा भागाकार −४ देतो. एकाच पदावलीची तुमची आणि मैत्रिणीची उत्तरं जुळत नसतील, तर आधी हे तपासा.

इन्फिक्सवरून पोस्टफिक्स करायची पद्धत हा वेगळा धडा आहे. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांचा १९६१ चा शंटिंग यार्ड अल्गोरिदम त्यासाठी वापरतात. हाताने करायचं असेल तर सोपी युक्ती अशी: प्रत्येक क्रियेला तिचा कंस घाला, मग प्रत्येक चिन्ह उचलून त्याच्याच बंद होणाऱ्या कंसाच्या जागी ठेवा आणि उघडणारे कंस पुसून टाका. ((८ − ३) × (४ + २)) वर करून बघा, पहिल्या परिच्छेदातली ओळ मिळेल.

हे वापरतं कोण

एचपीने १९७२ साली एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आणला, तो याच पद्धतीने चालायचा. त्यावर बरोबरचं बटणच नव्हतं. आपलं गणित करायला ८, एन्टर, ३, −, ४, एन्टर, २, +, × एवढंच दाबायचं. आत चार आकड्यांची चवड होती, नावं एक्स, वाय, झेड आणि टी. आपल्या गणितात चवड जास्तीत जास्त तीन आकड्यांपर्यंत गेली होती, म्हणजे त्यात सहज मावलं असतं. १९८१ चा एचपी-१२सी वित्तक्षेत्रातल्या लोकांच्या हातात अनेक दशकं दिसत राहिला.

आणि जावा शिकत असाल, तर तुम्ही हे रोज वापरताय. ए, बी, सी, डी असे चार पूर्णांक घेणारी आणि (ए − बी) × (सी + डी) परत देणारी एक स्टॅटिक मेथड लिहा. थेट आकडे लिहू नका, कंपायलर ते आधीच सोडवून ३० करून ठेवतो. कंपाइल करून जावापी या कमांडला वजा-सी हा पर्याय द्या. आतल्या सूचना अशा दिसतील:

आयलोड_०
आयलोड_१
आयसब
आयलोड_२
आयलोड_३
आयॲड
आयमल
आयरिटर्न

कंस गेले. ए आण, बी आण, वजा कर, सी आण, डी आण, मिळव, गुण. मेथडला ८, ३, ४, २ द्या आणि कॅलेंडरच्या चिठ्ठ्या घेऊन एकेका सूचनेवर बोट ठेवत जा. आयरिटर्नपाशी पोहोचाल तेव्हा चवडीवर एकच चिठ्ठी असेल, महिन्याच्या तीस तारखेची.